फाशी मागण्याआधी : ३ जून १९४९चे भाषण आणि कायद्याचे वर्ग

आपल्याकडे अत्याचाराची बातमी आली की तिसऱ्या दिवशी तहसीलवर मोर्चा निघतो. निवेदनातली पहिली मागणी ठरलेली असते : आरोपींना फाशी द्या. खटला जलदगती न्यायालयात चालवा ही दुसरी, सरकारी वकील अमुक नेमा ही तिसरी. उमरग्यापासून परंड्यापर्यंत कुठल्याही तहसीलच्या आवक बारनिशीत अशी निवेदने सापडतील, आणि त्यातली बरीच आपल्याच संघटनांच्या लेटरपॅडवर असतील. या मागणीमागचा संताप खोटा नाही. ज्यांची माणसे मारली जातात आणि ज्यांच्या फिर्यादी पोलीस ठाण्यात घेतल्याच जात नाहीत, त्यांनी सौम्य भाषेत बोलावे असा उपदेश मी करणार नाही.

पण बाबासाहेबांचे नाव घेऊन जेव्हा फाशी मागितली जाते, तेव्हा बाबासाहेब स्वतः फाशीबद्दल काय म्हणाले होते हे बघणे भाग आहे. आपल्या व्याख्यानमालांतून हा विषय जवळजवळ येतच नाही.

३ जून १९४९. संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांची चर्चा चालू होती. ज्याला फाशी झाली त्याला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा की नाही, हा वाद. अनेक सभासदांचे म्हणणे, माणसाचा जीव जाणार असेल तर शेवटच्या न्यायालयाचे दार त्याला उघडे हवे. उत्तर द्यायला उभे राहिलेल्या बाबासाहेबांनी तांत्रिक बाजू मांडली, आणि मग सांगितले की फाशीच्या अपिलांची तरतूद करण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला मी अधिक पाठिंबा देईन. हा देश अहिंसेला मानतो, लोक प्रत्यक्षात ती पाळत नसले तरी नैतिक आदेश म्हणून ती मानतात, तेव्हा या देशाने फाशी पूर्णपणे काढून टाकणेच योग्य, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

इथे एक अडचण आहे, ती लपवू नये. त्याआधी सहाच महिने, नोव्हेंबर १९४८ मध्ये, झेड. एच. लारी यांनी फाशी रद्द करण्याची दुरुस्ती मांडली होती. हिंसेसह केलेल्या राजद्रोहाचा अपवाद ठेवून बाकी सगळ्या गुन्ह्यांसाठी. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही आणि ती फेटाळली गेली. विरोधक हे उदाहरण पुढे करतात आणि म्हणतात, बघा, त्यांचा विचार पक्का नव्हता. माझे वाचन वेगळे आहे. मसुदा समितीच्या अध्यक्षाला सभागृहात प्रत्येक दुरुस्तीवर वैयक्तिक मत देता येत नाही. मूलभूत हक्कांच्या कलमात ती बसवायची की दंडविधानात संसदेने बदल करायचा, हा वेगळा प्रश्न होता. जूनमध्ये त्यांनी स्वतःचे मत म्हणून जे सांगितले ते मात्र स्वच्छ आहे. फाशी रद्द करण्याचा प्रश्न संसदेने हाताळावा असेच ते सुचवत होते. संसदेने तो अजून हाताळलेला नाही.

आणि अपिलाचे काय झाले? अनुच्छेद १३४ आला. उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्याला उलट फाशी दिली, किंवा खालच्या न्यायालयातून खटला स्वतःकडे घेऊन फाशी दिली, तर सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क मिळाला. बाकीच्यांना परवानगी मागत जावे लागते. शिवाय अनुच्छेद ७२ आणि १६१, म्हणजे राष्ट्रपती आणि राज्यपालांकडे दयेचा अर्ज.

बाबासाहेब हे बोलत होते ते नुसते राजकारणी म्हणून नव्हे. ते कायद्याचे मास्तर होते, हे आपण विसरतो. जून १९२८ पासून ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवत होते आणि १९३५ ते १९३८ तिथले प्राचार्य होते. कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी १९३६ साली महाविद्यालयाच्याच मासिकात लेख लिहिला. वर्गात शिकवायचे आणि कोर्टात उभे राहायचे, दोन्ही एकाच काळात. ब्राह्मणेतर चळवळीतल्या बागडे, जेधे, जवळकर यांच्यावर ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकावरून १९२६ साली पुण्यात खटला झाला तेव्हा बचावाला बाबासाहेब होते. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हाही बचावाला तेच. गर्दी ज्याच्या विरोधात आहे त्याच्या बाजूला उभे राहणे हा वकिलीचा धर्म त्यांनी स्वतः पाळला होता. आणि भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाल्यावर एप्रिल १९३१ मध्ये ‘जनता’त त्यांनी ‘तीन बळी’ हा अग्रलेख लिहिला. ही फाशी न्यायासाठी नव्हे, विलायतेतल्या राजकारणासाठी दिली गेली, हा त्याचा रोख होता. फासाचा दोर न्यायाधीश ओढत असला तरी तो कुठे बांधला आहे हे बघायची सवय त्यांना होती.

आता दोराकडेच येऊ.

आपल्या गावगाड्यात दोर कोण वळत होते? मातंग समाज. केकताडाचा दोर, कासरा, नाडा, सोल, सगळे त्यांच्या हातचे. आणि जुन्या राजवटीत फाशी देण्याचे कामही त्यांच्याच माथी मारलेले होते. हे काही मराठी मुलखाचे वेगळेपण नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे की राजाने ज्याला मृत्युदंड दिला त्याला चांडाळाने मारावे आणि मेलेल्याचे कपडे, अंथरूण, दागिने घ्यावेत. म्हणजे हत्येचा निर्णय राजाचा, निर्णयाला शास्त्राचा आधार ब्राह्मणाचा, आणि हाताला लागणारे रक्त अस्पृश्याचे. आठव्या अध्यायात दुसरी बाजू आहे : इतर वर्णांना जिथे देहदंड, तिथे ब्राह्मणाला मुंडण, त्याने कोणतेही पाप केले तरी त्याला मारू नये, धनासकट देशाबाहेर घालवावे. पेशवाईत ब्राह्मणाला देहान्त शासन नको हाच सर्वसाधारण दंडक होता. कंपनी सरकारनेसुद्धा बनारस प्रांतात ब्राह्मणांना फाशीतून दिलेली सूट १८१७ पर्यंत चालू ठेवली. १८६० चे दंडविधान आले आणि कागदावर तरी सगळ्यांचा गळा सारखा झाला.

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले. बैलगाड्यांची मिरवणूक, शाळेतला मुक्काम, हे सगळे तडवळ्यात अजून अभिमानाने सांगितले जाते, आणि दरवर्षी फेब्रुवारीत तिथे कार्यक्रम होतो. त्या परिषदेचा विषय वतन होता. वतन म्हणजे काय, तर सरकारचे आणि गावाचे काम फुकटात किंवा तुटपुंज्या मोबदल्यात करण्याची जन्मजात सक्ती : चोराचा माग काढा, सारा पोचवा, मढ्यावर पहारा द्या, गुन्हेगाराला चावडीवर आणा. शासनव्यवस्थेचा सगळ्यात खालचा, सगळ्यात घाण हात म्हणून आपली माणसे वापरली गेली. फाशी देणारा हात हा त्याच वतनाचा भाग होता. तडवळ्याच्या परिषदेची आठवण काढताना हे पण आठवावे.

गावगाडा मोडत गेला, तुरुंगाला पगारी जल्लाद आला. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला २०१६ साल उजाडावे लागले, आणि ते उत्तर कुठल्या सरकारी खात्याने नाही, कायद्याच्या एका प्राध्यापकाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी शोधले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकवणारे अनुप सुरेंद्रनाथ यांनी देशभरातल्या फाशीच्या कैद्यांना भेटायचे ठरवले. विद्यार्थी तुरुंगातुरुंगात गेले, कैद्यांच्या घरी गेले. त्या वेळी देशात फाशीची शिक्षा झालेले ३८५ कैदी होते, त्यातल्या ३७३ जणांपर्यंत ही पोरे पोचली. मे २०१६ मध्ये अहवाल आला. ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल. सुमारे ६२ टक्क्यांचे माध्यमिक शिक्षणही पुरे झालेले नव्हते. तीन चतुर्थांश मागास जाती-जमाती आणि धार्मिक अल्पसंख्याकांतले. अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण देशभरात २४.५ टक्के, म्हणजे लोकसंख्येतल्या प्रमाणाच्या फार दूर नाही. पण महाराष्ट्राचा आकडा बघा : ५० टक्के. फुले-शाहू-आंबेडकरांचे म्हणवणाऱ्या राज्यात फाशीच्या दर दोन कैद्यांमागे एक दलित किंवा आदिवासी.

लगेच कोणी म्हणेल, न्यायाधीश जात बघून फाशी देतात असे तुम्हाला म्हणायचे आहे का? नाही, ते इतके सरळ नसते. त्याच अहवालात दुसरा आकडा आहे. २००० ते २०१५ या काळात सत्र न्यायालयांनी दिलेल्या फाशींपैकी वरच्या न्यायालयांत टिकल्या फक्त ४.९ टक्के. ६५ टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या आणि जवळजवळ ३० टक्के लोक चक्क निर्दोष सुटले. फाशी झालेल्या दर दहांतले तीन निर्दोष! खालच्या कोर्टात जे होते ते इतके कच्चे असते. आणि खालच्या कोर्टात काय होते हे ज्याच्याकडे चांगला वकील नाही त्यालाच भोगावे लागते. ज्याचा बाप शेत विकून का होईना औरंगाबादहून मोठा वकील आणू शकतो, त्याच्या साक्षीदारांची उलटतपासणी होते, त्याच्या बाजूची कागदपत्रे निघतात. ज्याला तारखेच्या दिवशी पॅनलवरचा वकील पहिल्यांदा भेटतो, त्याच्याबद्दल न्यायाधीशाला आरोपपत्रापलीकडे काहीच कळत नाही. जात इथे येते, ती निकालपत्रात लिहून येत नाही.

न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी हेच १९८२ मध्ये बच्चनसिंग खटल्यातल्या आपल्या भिन्नमत निकालात म्हटले होते : फाशी गरिबांच्याच वाट्याला येते. बाकीच्या चार न्यायमूर्तींनी १९८० मध्येच फाशी वैध ठरवली होती, पण एक अट घालून. गुन्ह्याकडे बघायचे तसेच गुन्हेगाराकडेही बघायचे, त्याच्या आयुष्याकडे, सुधारण्याच्या शक्यतेकडे, आणि दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद असेल तरच फाशी. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) मध्ये शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी होतीच. प्रत्यक्षात ही सुनावणी कशी होत आली? सकाळी दोषी ठरवायचे, दुपारी वकिलाने म्हणायचे की आरोपी गरीब आहे, तरुण आहे, म्हातारे आईबाप आहेत, दया करावी. तीन वाक्ये. मग फाशी.

आपल्या राज्यातला एक खटला याचा पुरावा म्हणून पुरेसा आहे. ५ जून २००३च्या रात्री नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतल्या झोपडीत एका कुटुंबावर हल्ला झाला. पाच जण मारले गेले, दोघींवर बलात्कार झाला. भयंकर गुन्हा. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. गुन्हा बघा, गुन्हेगार बघू नका, असे सांगणाऱ्या एका जुन्या निकालाचा आधार घेऊन. तोच जुना निकाल बच्चनसिंगच्या विरोधात आहे, चुकीचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने अवघ्या दोन आठवड्यांनी, १३ मे २००९ला, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात सांगितले. दोन आठवडे! सहा माणसांचे नशीब तारखांच्या पंधरवड्यात अडकले.

पुढे २०१२ मध्ये कळले की सहांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. फाशी झालेला मुलगा अल्पवयीन होता हे तीन न्यायालयांतून कोणाला दिसले नव्हते, कारण कोणी बघितलेच नव्हते. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकनात सहाही जणांना निर्दोष सोडले. सोळा वर्षांनी. वाचलेल्या जखमी साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून भलतेच चार जण ओळखले होते, आणि ती गोष्ट न्यायालयापुढे आणली गेली नव्हती. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितले आणि चुकार पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई करा म्हणाले. खरे गुन्हेगार मोकळे राहिले, त्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही.

२००६ मध्ये या सहा जणांना फाशी सुनावली गेली तेव्हा कुणाला वाईट वाटले असेल? पालातली माणसे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला, पण पोलीस ठाण्याच्या डोक्यातून तो गेला नाही. आपल्या जिल्ह्यात फासेपारध्यांची वस्ती ठिकठिकाणी आहे. तित्तर पकडायच्या फासावरून त्यांना हे नाव पडले. कुठे दरोडा पडला की पहिली गाडी त्यांच्या वस्तीवर जाते, हे कळंब, वाशी, भूम, तुळजापूर कुठेही विचारा. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हिंदू संस्कृतीला जाब विचारताना तीन समूहांची नावे एकत्र घेतली होती : गुन्हेगार जमाती, आदिवासी, अस्पृश्य. आपण त्यातले एकच नाव लक्षात ठेवले.

आता आपल्याला झोंबणारा प्रश्न. खैरलांजीचे काय?

२००६ ची खैरलांजी. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. आपण पेढे वाटले. पण त्याच निकालात न्यायालय म्हणाले की हा जातीय अत्याचार नाही, आणि ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे लागू होत नाहीत. फाशीच्या बातमीच्या आवाजात हे वाक्य दबून गेले. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली तेव्हा आपण पुन्हा रस्त्यावर आलो, फाशी गेली म्हणून. जात तर आधीच गेली होती. फाशी मिळाली की सगळे मिळाले अशी आपली समजूत करून देण्यात आली आणि खटल्यातला खरा मुद्दा, भोतमांगे कुटुंब दलित होते म्हणून मारले गेले, तो हातातून निसटला. जी व्यवस्था जात मान्य करायला तयार नाही ती दोर द्यायला मात्र तयार असते. दोर तिला स्वस्त पडतो.

आणि २०१६ आठवा. कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्यंत क्रूर अत्याचार झाला, तिचा खून झाला. आरोपी दलित. ऑगस्टमध्ये पहिला मूक मोर्चा औरंगाबादला निघाला आणि पाठोपाठ त्याच महिन्यात आपल्या उस्मानाबादला. त्या मोर्च्यांच्या निवेदनात आरोपींना फाशी आणि ॲट्रॉसिटी कायद्यात बदल या मागण्या शेजारी-शेजारी होत्या. मुलीला न्याय मिळावा याबद्दल कोणाचे दुमत असू शकत नाही. पण एका गुन्ह्याच्या शिक्षेसोबत एका समाजाचे संरक्षण काढून घ्या ही मागणी कशी काय जोडली गेली? फाशीची मागणी गर्दी गोळा करते आणि त्या गर्दीला मग कुठेही नेता येते, हे आपण त्या ऑगस्टमध्ये दाराआडून बघितले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली. जानेवारी २०१८ मध्ये सोनईच्या तीन दलित तरुणांच्या हत्याकांडात नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. मग दोन्ही बाजूंनी हिशेब मांडले गेले, तुमचे किती, आमचे किती. ह्याला न्याय म्हणत नाहीत.

मराठवाड्याला या प्रश्नाचा एक जुना इतिहासही आहे. १९४९-५० मध्ये आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता, आपले उच्च न्यायालय हैदराबादला. तेव्हा त्याच उच्च न्यायालयाने तेलंगणातल्या बारा शेतकऱ्यांची फाशी डिसेंबर १९४९ मध्ये कायम केली. शिक्षा विशेष न्यायाधिकरणांनी दिलेली होती, आणि आपल्याला वकीलच मिळाला नाही ही आरोपींची तक्रार होती. मुंबईचे डॅनियल लतिफी धावून गेले, लंडनहून डी. एन. प्रिट आले. सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले? निकाल २६ जानेवारी १९५० च्या आधीचा, तेव्हा आम्हाला अपील ऐकण्याचा अधिकार नाही. आणि वकील मिळाला नाही एवढ्याने खटला रद्द होत नाही. जून १९४९ मध्ये बाबासाहेब ज्या सभागृहात बोलले, त्याच सभागृहाने बनवलेल्या संविधानाचे दार सहा आठवड्यांच्या फरकाने या लोकांना बंद झाले. पुढे त्यांच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या, पण त्यासाठी देशाबाहेरही आवाज उठावा लागला. मोफत विधी साहाय्याचा अनुच्छेद ३९-अ संविधानात यायला १९७६ उजाडले, त्यासाठीचा कायदा १९८७चा, आणि तो प्रत्यक्ष लागू झाला नोव्हेंबर १९९५ मध्ये.

सुरेंद्रनाथांच्या गटाने आपले नाव याच अनुच्छेदावरून ठेवले : प्रोजेक्ट ३९-अ. ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्लीच्या विद्यापीठात सुरू झालेले हे काम आता स्क्वेअर सर्कल क्लिनिक या नावाने हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातून चालते. हे क्लिनिक म्हणजे दवाखाना नव्हे. डॉक्टरीची पोरे जशी वॉर्डात शिकतात, तशी कायद्याची पोरे खऱ्या पक्षकाराच्या खऱ्या प्रकरणावर शिकतात, त्याला विधी शिक्षणात क्लिनिक म्हणतात. भारतात ही कल्पना रुजवण्यात बंगळुरूच्या विधी विद्यापीठाचे संस्थापक एन. आर. माधव मेनन यांचा मोठा वाटा. अडचण अशी की आपल्याकडे पूर्णवेळ प्राध्यापकाला कोर्टात वकील म्हणून उभे राहता येत नाही, आणि विद्यार्थ्याला तर नाहीच. वकिलाने दिवसाला तीन तास शिकवावे, ही सूट आहे. उलट दिशेने नाही. बाबासाहेबांसारखे शिकवून कोर्टात जाणे आजच्या पूर्णवेळ प्राध्यापकाला शक्य नाही. म्हणून या गटाने वेगळा रस्ता काढला : वकील नेमायचे, समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकलेली माणसे नेमायची, आणि विद्यार्थ्यांनी संशोधन करायचे.

सुरेंद्रनाथ काही काळ सर्वोच्च न्यायालयाच्या नोंदणी विभागातही होते. ३० जुलै २०१५च्या पहाटे याकूब मेमनची शेवटची सुनावणी झाली आणि सकाळी नागपूरच्या तुरुंगात त्याला फाशी दिली गेली. पाठोपाठ सुरेंद्रनाथांनी त्या पदाचा राजीनामा दिला आणि ते या कामाकडे परतले. त्यावर त्यांना देशद्रोही म्हणून घेणारे आपल्या ओळखीतही निघतील.

कायद्याच्या प्राध्यापकांनी महाराष्ट्रातल्या एका खटल्यावरून देश हलवल्याचे उदाहरण याआधीचेही आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार करणारे पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले, तेव्हा सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. केळकरांचे फौजदारी प्रक्रियेवरचे पुस्तक कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. हे पत्र किती जण वाचतात? त्या पत्रात फाशी मागितलेली नव्हती. पुराव्याचा नियम कुठे चुकतो आहे ते दाखवले होते, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेच्या बाजूने उभे राहायचे म्हणजे फाशीच मागायची असते असे नाही, याचा तो नमुना.

मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फाशी देण्याआधी आरोपीच्या आयुष्याची माहिती न्यायालयाने मागवलीच पाहिजे : बालपण, घरची स्थिती, शिक्षण, मानसिक आरोग्य, तुरुंगातली वागणूक. राज्यानेही ती द्यायची. ही माहिती गोळा कोण करणार? तीन वाक्यांचा युक्तिवाद करणाऱ्याकडून ते होणार नाही. त्यासाठी माणसाच्या गावी जावे लागते, आईजवळ बसावे लागते, तिची बोली कळावी लागते.

धाराशिवात ही माहिती कशी दिसेल बघा. ज्याचे बालपण कोपीवर, उसाच्या फडात गेले आणि दरवर्षी दिवाळीनंतर शाळा सुटली. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात लोहारा-उमरग्याकडचे घर आईबापांसह गेले आणि जो पोरका वाढला. ज्याच्या डोक्याला लहानपणी मार लागला आणि उपचार कधी झालेच नाहीत. आणि वय! आपल्याकडे अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा. गुरुजींनी पट भरताना लिहिलेली तारीख. पुण्यात १९९४ साली एका घरातल्या सात जणांचे खून झाले, त्यातल्या फाशीच्या एका कैद्याचे प्रकरण प्रोजेक्ट ३९-अने लढवले. तो गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. २८ वर्षे तुरुंगात काढल्यावर. ते सिद्ध कशाने झाले? राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या दाखल्याने.

शाळेचा दाखला, प्रवेश निर्गम उतारा, १९५० च्या आधीचा खासरा, ही कागदपत्रे काढण्यात आपल्या पोरांचा हात कोणी धरू शकत नाही. जात पडताळणीच्या फेऱ्यांनी आपल्याला हे शिकवून ठेवले आहे. कोणत्या मुख्याध्यापकाकडे जुना पट आहे, मोडीतली नोंद कोण वाचतो, तहसीलच्या अभिलेख कक्षात कोणत्या वारी माणूस असतो, हे धाराशिवच्या कोणत्याही कार्यकर्त्याला पाठ आहे.

धाराशिवच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली तर ती कायम करायला प्रकरण औरंगाबाद खंडपीठाकडे जाते. तिथे दोन न्यायमूर्ती पुरावा पुन्हा तपासतात. कैदी तोवर येरवड्याला किंवा नागपूरला गेलेला असतो, आणि घरच्यांना एका भेटीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते. माहिती गोळा करायची वेळ त्याच्या आधीची, खटला चालू असतानाची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची बचाव वकिलांची व्यवस्था आहे, २०११ च्या विनियमांप्रमाणे विधी महाविद्यालयांत विधी सेवा क्लिनिक असायला हवे, आणि अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचे पेपर सक्तीचे आहेत. बहुतेक ठिकाणी या पेपरची वही वरच्या वर्गाच्या वहीवरून उतरवली जाते आणि सही होते.

अल्पवयीन असल्याचा मुद्दा खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो; २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम ९ तसे म्हणते. कलम ९४ प्रमाणे पहिला पुरावा शाळेचा, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो. पुढच्या फेब्रुवारीत तडवळ्याला जमणाऱ्या वकील मंडळींनी आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी भाषणे झाल्यावर तासभर थांबावे. जिल्ह्यात आज खुनाचे किती खटले विधी साहाय्याच्या वकिलावर चालू आहेत, त्यातल्या किती आरोपींचे वय कोणी तपासले आहे, याची यादी करायला तेवढा वेळ पुरतो.